खिसेवाल्या मॉसची कुंडली

१ जून ते ३१ जुलै. मासेमारी बंद! भाईंदरकडच्या पालीच्या किनाऱ्यावर होड्या ओढून, शाकारून ठेवलेल्या आणि घराघरांत जाळ्यांची डागडुजी सुरू. नेमक्या याच ६१ दिवसांत गावात एक वेगळीच मंडळी फुलटाइम ड्युटीवर रुजू होते. कंपाउंडच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, पायरीच्या कोपऱ्यात, कौलांच्या सांध्यात. रंग हिरवागार, उंची नखाएवढी, नाव मॉस!

आता पहिला धक्का. पालीसमोर एवढा अरबी समुद्र पसरलाय, पण माहीत आहे का, त्यात मॉसची एकही जात राहत नाही? नुसत्या अरबी समुद्रातच नाही, जगातल्या कुठल्याच समुद्रात नाही. मॉसच्या सुमारे १२ हजार जाती आहेत आणि त्यांतली एकही खाऱ्या पाण्यात बुडून जगत नाही. थंड देशांच्या किनाऱ्यांवर शिस्टिडियम मॅरिटिमम नावाचं एक धाडसी मॉस लाटांचे तुषार झेलत खडकावर बसतं, पण त्यापुढे पाऊल टाकायची त्याचीही हिंमत नाही.

मग ओहोटीला खडकांवर दिसतं ते हिरवं काय? ते समुद्री शेवाळ, म्हणजे अल्गी. ते खानदानच वेगळं! पालीत फरक ओळखायची युक्ती एकदम सोप्पी: भरती जिथवर पोहोचते तिथवर अल्गीचं राज्य. मॉस बघायचं तर समुद्राकडे पाठ करा आणि गावातल्या भिंतींकडे तोंड.

भिंतीवर बहुतेक वेळा भेटतो तो एक जुना खिलाडी, हायोफिला इन्व्हॉल्युटा. मुंबई परिसरातल्या भिंतींचा हा कायमचा भाडेकरू. चुन्याच्या, सिमेंटच्या, दगडाच्या, कुठल्याही भिंतीवर खूश! उन्हात याची पानं आतल्या बाजूला गुंडाळली जातात आणि सगळा थर काळपट-तपकिरी दिसतो. वाटतं, संपलं बिचारं. बाटलीभर पाणी शिंपडा आणि तिथेच थांबा. बघता बघता पानं उलगडतात, हिरवा रंग परततो. ‘वाळणं’ आणि ‘मरणं’ या मॉसच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माहीत आहे का, या भिंतवाल्याची शास्त्रीय ओळख पहिल्यांदा कुठल्या नमुन्यावरून झाली? नेपाळच्या! १८१९ मध्ये विल्यम हूकर यांनी त्याचं वर्णन छापलं. आज ते उष्ण प्रदेशांत जगभर सापडतं आणि युरोपात थेट स्वित्झर्लंडच्या तळ्यांकाठच्या दगडांवरही हजेरी लावतं.

पण आजचा हीरो तो नाही. आजचा हीरो आहे फिसिडेन्स.

खिसा गरम!

फिसिडेन्सला इंग्रजीत पॉकेट मॉस म्हणतात, कारण त्याच्या प्रत्येक पानाला खरोखरचा खिसा असतो. हे नीट बघण्यासारखं आहे, म्हणून जरा थांबू या.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सावलीतल्या ओल्या मातीच्या उतारावर एक छोटंसं झुडूप शोधा. झुडूप म्हणजे किती, तर अनेकदा सेंटिमीटरभरसुद्धा नाही. भिंग डोळ्याला टेकवा आणि डोकं मॉसकडे न्या, मॉस डोक्याकडे नको. आता काय दिसतं? इतर बहुतेक मॉसची पानं देठाभोवती चहूबाजूंनी गोल फिरलेली असतात. फिसिडेन्सची मात्र डावी-उजवी, डावी-उजवी, दोनच रांगांत, एका सपाट पातळीत. इवलंसं पीसच! प्रत्येक पानाचा खालचा अर्धा भाग दुहेरी असतो, दोन पातळ पाती एकमेकींना चिकटून मध्ये फट ठेवतात. तोच खिसा. त्या खिशात देठ असतो आणि वरच्या पानाचं बूडही. म्हणजे खालच्या पानाच्या खिशात वरचं पान, त्याच्या खिशात त्याच्या वरचं. अशी शिडी थेट शेंड्यापर्यंत!

हा खिसा आला कुठून, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात मनसोक्त भांडले. ब्राउनियन गतीवाले रॉबर्ट ब्राउन माहीत आहेत ना? त्यांचं म्हणणं असं, की खिशाचा भाग हेच खरं पान आणि बाकीचं लांबलचक पातं हा नंतर फुटलेला पसारा. म्हणजे आपण ज्याला पान समजतो ते ॲक्सेसरी आणि ज्याला ॲक्सेसरी समजतो ते पान!

आणि दोनच रांगा का? गुपित शेंड्यावर आहे. मॉसच्या शेंड्याला एकच मुख्य पेशी असते आणि तिच्यापासून सगळी पानं बनतात. बहुतेक मॉसमध्ये ती तीन बाजूंनी नव्या पेशी कापते, म्हणून पानं गोल फिरतात. फिसिडेन्सची पेशी दोनच बाजूंनी कापते. एका पेशीच्या आकारावर अख्ख्या झाडाचं डिझाइन ठरतं! मॉसमधली माझी सर्वांत लाडकी गोष्ट कोणती विचाराल, तर हीच.

जन्मतारीख: १ जानेवारी १८०१

आपल्याकडे मागच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट १ जून जन्मतारीख लावायचे. मॉसवाल्यांनीही तेच केलं, फक्त तारीख वेगळी! माहीत आहे का, जगातल्या जवळजवळ सगळ्या मॉसच्या अधिकृत नावांची सुरुवात १ जानेवारी १८०१ पासून धरली जाते? त्याआधी कुणी काहीही नाव दिलेलं असो, नियमाच्या हिशेबात ते धरत नाहीत.

कारण योहानेस हेडविग. जन्म १७३० चा, ट्रान्सिल्व्हेनियातला. हो, ड्रॅक्युलावालंच ट्रान्सिल्व्हेनिया! पेशाने डॉक्टर, ध्यास मॉसचा. मॉसमध्येही नर-मादी अवयव असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली नीट उलगडून दाखवणारा हा माणूस. त्यांचा महाग्रंथ १८०१ मध्ये आला आणि फिसिडेन्स ही प्रजाती त्याच ग्रंथातून अधिकृत झाली. ट्विस्ट असा, की हेडविग १७९९ मध्येच वारले होते. ज्या पुस्तकापासून मॉसचं सगळं नामकरण मोजलं जातं, ते छापील रूपात त्यांनी पाहिलंच नाही.

नियम म्हटला की अपवाद आलाच. स्फॅग्नम नावाच्या दलदलीतल्या मॉसचं घराणं यातून सुटलं. त्याची मोजणी लिनियसच्या १७५३ पासून. थोडक्यात, मॉसच्या वर्गात एकच मुलगा ४८ वर्षांनी सीनियर!

माहीत आहे का, फिसिडेन्सच्या कुलात किती प्रजाती आहेत? एक. फक्त एक! कुलाचं नाव फिसिडेन्टेसी, घरात माणूस एकटाच, फिसिडेन्स. पण या एकट्याच्या जाती मोजा: सुमारे ४४०. जगातल्या साधारण दर २७ मॉसमागे एक जण खिसेवाला निघतो.

एवढ्या मोठ्या गोतावळ्याची वाटणी करायची म्हणजे भाऊबंदकी आलीच. २००४ मध्ये रोनाल्ड पर्सेल आणि मारिया ब्रुगमन-नॅनेंगा या जोडीने पानांच्या कडा, पेशी, दात वगैरे तपासून चार उपप्रजाती पाडल्या. २०१८ मध्ये जपानी टीमने डीएनए लावून बघितला आणि चाराच्या तीन केल्या. ज्यांच्या पानांच्या कडा डोळ्यांना सारख्या दिसतात ते जनुकांनी जवळचे असतातच असं नाही. वर्गीकरण म्हणजे एकदाच भरून टाकायचा फॉर्म नव्हे, त्याला सारखे अपडेट येतात.

सगळ्यांत मजेदार केस ऑक्टोडिसेरसची. पाण्यात तरंगणारं, लांब, लवचिक असं हे मॉस. दिसायला इतकं वेगळं, की त्याला स्वतंत्र प्रजातीचा मान मिळाला होता. मग कुणीतरी पानाच्या बुडाशी बघितलं. तिथे काय? खिसा! आज त्याचं नाव फिसिडेन्स फॉन्टॅनस.

आणि हा फिसिडेन्स फॉन्टॅनस कदाचित तुमच्या हॉलमध्येच आहे. माहीत आहे का, फिशटँक सजवणाऱ्यांचा हा आवडता आयटम आहे? लाकडाच्या ओंडक्याला बांधून लावतात, गडद हिरवा पिसारा फुलतो. ॲक्वेरियमच्या दुकानात ‘फिसिडेन्स’ म्हणूनच मागतात. १८०१ चं लॅटिन नाव गल्ल्यावर सर्रास चालतंय!

दाखवा बत्तिशी

मॉसला बिया नसतात, बीजाणू असतात, आणि ते देठाच्या टोकावरच्या छोट्या डबीत भरलेले असतात. डबीचं झाकण पडलं की तोंडाशी काय दिसतं माहीत आहे का? दात! चक्क दात. हवा कोरडी असली की एका बाजूला वळतात, दमट झाली की दुसऱ्या. त्यांच्या या हालचालीवर बीजाणू कधी आणि किती सुटायचे ते ठरतं.

फिसिडेन्सचे दात सोळा आणि प्रत्येक दात वर जाऊन दोन टोकांत फाटलेला. सोळा दुणे बत्तीस! फिसिडेन्स या नावातच तो फाटका दात आहे.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं फ्युनारिया आठवतं? ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ धड्यात, रिक्सिया आणि मर्केंशियाच्या शेजारी बसलेलं? त्याच्याकडे दातांच्या दोन कवळ्या असतात, बाहेर सोळा, आत सोळा. इथेही बत्तीस! आणि ज्या हायोफिलाला आपण भिंतीवर भेटलो, ते मात्र पूर्ण बोळकं. दात शून्य. म्हणूनच मॉस ओळखताना जाणकार आधी तोंड उघडायला लावतात.

फ्युनारियाचा आणखी एक छंद ऐका. जिथे आग लागून गेली तिथे ते हजर! शेकोटीची जागा, जळालेलं रान. राखेतल्या पोषणावर जगभर याच्या नारिंगी-हिरव्या गाद्या उगवतात. शिवाय त्याचा देठ दमटपणाप्रमाणे पीळ घालतो आणि सोडतो. हवामान खात्याची मिनी ब्रँच!

नवरोबा केवढे? एवढेसे!

आता थोडं गॉसिप. फिसिडेन्सच्या बऱ्याच जातींत नर आणि मादी झाडांच्या उंचीत इतकी तफावत असते, की नर मादीच्या अंगावरच राहायला येतो. कुठे? तिच्या पानावर किंवा बुडाशी! तिथे पडलेल्या बीजाणूतून बुटका नर उगवतो, दोन-चार पानांचा, भिंगातही जेमतेम दिसेल असा. यात हसण्यासारखं काही नाही, उलट भारी शहाणपणाची सोय आहे. मॉसच्या पुंबीजांना दोन शेपट्या असतात आणि ती पाण्याच्या थरातून पोहत जातात. काही सेंटिमीटर म्हणजे त्यांच्यासाठी इंग्लिश खाडी. नवरा अंगणातच असला की पावसाचा एक थेंब पुरतो!

आणि पाऊस कमी पडला तर? तर कुरिअर असतात. २००६ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं, की स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले उडाणटप्पू जीव आणि माइट्स मॉसची पुंबीजं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. २०१२ मध्ये पुढचा खुलासा झाला: सेराटोडॉन नावाचं मॉस त्यांना बोलवायला चक्क वास सोडतं. ना फूल ना पाकळी, तरी परफ्यूम!

जगभर शाखा, आमची कुठेही शाखा नाही

प्रजातींच्या पसरण्याच्या दोन तऱ्हा बघा.

एक तऱ्हा फिसिडेन्सची. उष्ण आणि पावसाळी प्रदेशात सर्वांत जास्त गर्दी, पण थंड प्रदेशांतही मुक्काम. माती, दगड, झाडाची साल, वारुळ, ओढ्यातला खडक, वाहतं पाणी, सगळीकडे कुणी ना कुणी आहेच. फिसिडेन्स क्रिस्प्युलस ही एकच जात आफ्रिकेपासून आशिया आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरली आहे. फिसिडेन्स ग्रँडिफ्रॉन्सला चुनखडीचं वाहतं पाणी लागतं आणि ते हिमालयातही आहे, उत्तर अमेरिकेतही. मधला समुद्र कसा पार केला? बीजाणू इतके हलके, की वारा आणि वेळ पुरतो.

दुसरी तऱ्हा टाकाकियाची. जाती मोजून दोन! हिमालय, तिबेट, जपान, अलास्काच्या बाजूची बेटं, असे तुरळक थंडगार कोपरे. यातली एक जात १८६१ मध्ये सिक्कीमच्या नमुन्यांवरून नोंदली गेली, पण लिव्हरवर्ट समजून! लिव्हरवर्ट म्हणजे मॉसचे चुलत भाऊ. पुढे जपानी नमुन्यांवरून १९५८ मध्ये टाकाकिया ही प्रजाती केली, तरी ती मॉस की लिव्हरवर्ट हा वाद चालूच. शेवटी १९९० च्या दशकात अल्यूशियन बेटांवर बीजाणूंची डबी सापडली आणि निकाल लागला: मॉस! २०२३ मध्ये तिचा जनुकसंच वाचला, वय निघालं सुमारे ३९ कोटी वर्षं. हिमालयापेक्षा किती तरी जुनी मंडळी हिमालयात राहतात!

मॉस मुंबईचं, पाकीट इंग्लंडचं

आपल्या भागातल्या मॉसची यादी कुणी सुरू केली, माहीत आहे का? एल. जे. सेजविक या आयसीएस साहेबांनी. दिवसा सरकारी काम, उरलेल्या वेळात मुंबई इलाख्यातली झाडं आणि मॉस गोळा करणं. मॉसची ओळख पटवायची जबाबदारी इंग्लंडातल्या ह्यू नेव्हिल डिक्सन यांच्यावर. १९२१ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन बॉटनी’त मुंबई इलाख्यातल्या मॉसच्या संग्रहावर डिक्सन यांचा निबंध आला. आजही या भागातल्या मॉसवर काम करायचं तर त्या निबंधाला वळसा घालता येत नाही.

सेजविक यांच्या संग्रहासाठी इंग्लंड गाठायला नको. भाईंदरला लोकल पकडा, मरीन लाइन्सला उतरा. सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये त्याची सुरुवात केली. सेजविक आणि संग्राहक बेल यांनी जमवलेल्या वनस्पती तिथे जपून ठेवल्या आहेत.

आणि हे ऐका: इतर झाडं हर्बेरियमच्या मोठ्या कागदावर चिकटवतात, मॉस मात्र घडी घातलेल्या कागदी पाकिटात ठेवतात. खिसेवालं मॉस, ठेवायचं पाकिटात!

ठाणे जिल्ह्याचंही यात मानाचं पान आहे. खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवरचं जी. टी. दाभाडे यांचं पुस्तक १९९८ मध्ये ठाण्यातूनच प्रकाशित झालं. सह्याद्रीच्या माथ्यावर ही दोन ठिकाणं म्हणजे मॉसचे फाइव्ह स्टार मुक्काम. भारताच्या पूर्व भागासाठी एच. सी. गांगुली यांनी १९६९ ते १९८० अशी वर्षं घालून भागाभागाने महाग्रंथ काढला. कोकण किनाऱ्यासाठी एवढं सविस्तर काम व्हायला हवं, हे मी अगदी मनापासून सांगते. किनारपट्टीच्या जुन्या विहिरी बुजतायत, दगडी कठड्यांवर टाइल्स चढतायत आणि तिथे कोण कोण राहत होतं याची यादी अपुरीच आहे.

तोतये पकडा!

नावात ‘मॉस’ आहे म्हणून मॉस? छे!

आयरिश मॉस: समुद्री शेवाळ, लाल गटातलं. स्पॅनिश मॉस: चक्क फुलझाड, अननसाच्या कुळातलं. रेनडिअर मॉस: लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचं संयुक्त कुटुंब. क्लब मॉस: नेच्यांच्या बाजूची मंडळी. आणि ॲक्वेरियमच्या दुकानातला गोल गरगरीत मॉस बॉल? तोही अल्गी! त्याच दुकानातलं जावा मॉस मात्र शंभर टक्के अस्सल.

आता स्वयंपाकघरात या. गोड्या मसाल्यातलं दगडफूल काय आहे, माहीत आहे का? पाली-उत्तनकडच्या ईस्ट इंडियन घरांत बॉटल मसाला कुटताना कित्येक जण जे घालतात, तेच. दगडावर उगवतं, नावात फूल, दिसायला वाळकं मॉस, पण आहे लायकेन! म्हणजे नाव फुलाचं, संशय मॉसचा आणि मसाल्यात पडते बुरशी-शेवाळाची जोडी. वास मात्र असा, की या ओळखपरेडीत त्याला सगळं माफ.

गडबड गावांच्या नावांतही होते. पालीशेजारी चौकला जो किल्ला आहे त्याचं नाव धारावी. मुंबईतली धारावी नव्हे! १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. असे जुने दगड आणि दर्जांमधला चुना म्हणजे भिंतवाल्या मॉसला आग्रहाचं आमंत्रण.

रेकॉर्ड ब्रेक!

उंची: सगळं मॉस बुटकं असतं असं कोण म्हणालं? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं डॉसोनिया सुपर्बा अर्ध्या मीटरपर्यंत ताठ उभं राहतं. लहान मूल शेजारी बसवलं तर कोण उंच, हा प्रश्न पडेल.

वेग: स्फॅग्नमची डबी वाळताना आत हवेचा दाब वाढतो आणि फट्! बीजाणूंचा ढग धुराच्या कड्यासारखं वलय करत दहा-बारा सेंटिमीटर वर उडतो. २०१० मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने हे पकडलं, कारण स्फोट एक मिलिसेकंदसुद्धा टिकत नाही.

झोप: अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर बर्फात गाडलं गेलेलं मॉस १,५०० वर्षांनी पुन्हा उगवलं. २०१४ ची बातमी. सातवाहनांच्या नंतर झोपलं आणि मोबाइलच्या जमान्यात उठलं!

उड्डाण: फ्युनारियाच्याच कुलातल्या फिस्कोमिट्रियम या मॉसचे बीजाणू जपानी शास्त्रज्ञांनी अंतराळस्थानकाच्या बाहेर, उघड्यावर ठेवले. २८३ दिवस! परत आणल्यावर ८० टक्क्यांहून जास्त जिवंत निघाले आणि उगवलेही.

देशाचं नाव: अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘भारती’ तळाजवळ २०१७ मध्ये एक मॉस सापडलं. पंजाब केंद्रीय विद्यापीठाच्या फेलिक्स बास्त यांच्या टीमने २०२१ मध्ये नवी जात म्हणून ते जाहीर केलं. नाव दिलं ब्रायम भारतीएन्सिस.

पाहुणे: ओलं मॉस काचेवर पिळा, तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. नशीब जोरावर असेल तर आठ पायांचं गुबगुबीत टार्डिग्रेड चालताना दिसेल. उकळणं, गोठणं, अंतराळ, सगळं सोसणारा हा प्राणी. पत्ता: मॉस!

बागा: क्योटोच्या साइहोजी मंदिराची बाग मॉसचीच आहे, सुमारे १२० जातींची. जपानच्या राष्ट्रगीतातसुद्धा मॉस आहे, हे माहीत आहे का?

मॉस सीआयडी

मॉसला मुळं नसतात. पाणी, धूळ, धातू, जे काही लागेल ते पानांतूनच, थेट हवेतून आणि पावसातून. पानही बहुधा एका पेशीच्या जाडीचं, वर संरक्षक मेणाचा थर नावापुरता. म्हणून हवेत जे आहे ते मॉसमध्ये साठतं.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात संशोधकांनी रस्त्याकडेच्या झाडांवरून मॉसचे ३४६ नमुने घेतले. नकाशावर कॅडमियमचे लाल ठिपके उमटले आणि बोट गेलं रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांकडे. २०१६ मध्ये हे बाहेर आलं आणि शहर हादरलं. लाखो रुपयांची यंत्रं जे सांगत नव्हती, ते झाडाच्या खोडावरच्या हिरव्या ठिपक्यांनी सांगितलं. युरोपात तर १९९० पासून दर पाच वर्षांनी मॉस तपासून हवेतल्या जड धातूंचा हिशेब मांडतात.

मग भिंतीवर दिसलं की घासून काढायची घाई कशाला? ‘मॉस भिंत फोडतं’ हा आरोप ऐकला असेल. भिंत फोडतो तो पिंपळ! मॉसकडे नुसते धाग्यासारखे मूलाभ असतात, धरून बसण्यापुरते. आणि पायरीवरून घसरायला लावणारा तो बुळबुळीत थर? तो बहुतेक वेळा अल्गी आणि नीलहरित जिवाणूंचा असतो. पायरी जरूर घासा, आजी-आजोबांचं हाड महत्त्वाचं. भिंतीच्या वरच्या अंगाला मात्र हात लावू नका.

आणि हो, ‘मॉस झाडाच्या उत्तरेलाच उगवतं’ हा इंग्रजी पुस्तकांतला सल्ला आपल्या पावसाळ्यात कामाचा नाही. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आभाळ महिनोन्महिने भरलेलं, अशा वेळी खोडाच्या चारही बाजू ओल्या. दिशा शोधायची तर समुद्राचा आवाज ऐका!

पालीत शोधायचं कुठं?

खिसेवाल्याला खारं वारं आणि थेट ऊन नको, सावली आणि ओल हवी. म्हणून किनाऱ्यालगतच्या उघड्या भिंती सोडा. माडा-आंब्याच्या सावलीतला मातीचा बांध, डोंगरउताराची कापलेली बाजू, दगडी विहिरीची आतली कड, गटाराच्या काठची ओली माती, ही त्याच्या आवडीची ठिकाणं. पहिल्या जोरदार पावसानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. डब्या बघायच्या असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, डबीचं झाकण पडून दात दिसू लागतात. विहिरीत वाकताना सोबत कुणीतरी हवंच, एकट्याने नको. हौस भागली नाही तर घोडबंदरच्या बाजूने संजय गांधी उद्यानाच्या जंगलात शिरा, तिथल्या ओढ्यांकाठी मॉसची चंगळ असते. उद्यानातून काही उचलायचं मात्र नाही, फक्त बघायचं.

गावात नमुना घ्यायचाच असेल तर नखाएवढा तुकडा पुरे, बाकीची गादी तशीच राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. वर्तमानपत्राच्या चौकोनाची घडी घालून पाकीट करा, त्यात ठेवा, सावलीत वाळवा. वर्षांनीसुद्धा थेंबभर पाणी टाकलं की पानांचा आकार परत येतो आणि ओळख पटवता येते. फोटो काढणार असाल तर वरून नाही, बाजूने काढा, पानाच्या बुडाचा खिसा दिसायला हवा. तो दिसला की प्रजाती नक्की. मग पाकिटावर गाव आणि तारीख घाला. आणि सगळे विसरतात ती तिसरी नोंद: तो कशावर उगवला होता. माती, दगड, साल की चुना? ४४० भावंडांत नेमका कोणता, हे शोधताना तज्ज्ञ तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारतील.